साहेब शिकायला निघाले

विलायतेहून आलेल्या पोरसवदा साहेबांना इथल्या भाषा शिकवायला गव्हर्नर जनरल वेलस्लीनं १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. मराठीचा मास्तर कोण, तर विल्यम केरी. मूळचा जोडे शिवणारा, आणि मुक्काम बंगालात! हाताशी पंडित वैजनाथशर्मा होते म्हणून निभावलं. १८०५ सालच्या त्याच्या मराठी व्याकरणाला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले आहेत. माझ्या मते अख्ख्या खटाटोपातलं खरं शहाणपण तेवढंच.

आता गंगा उलटी वाहते. आपलेच अधिकारी सरकारी खर्चानं परदेशी विद्यापीठांत धोरण शिकून येतात. परराष्ट्र सेवेत तर एक परकी भाषा सक्तीचीच; शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली सेवेत गेले नि जपानी शिकले. मसुरीच्या अकादमीत नव्या आयएएसकडून वाट्याला आलेल्या राज्याची भाषा घोटून घेतात. उत्तमच.

पण कर्नाटकातल्या आनेकलच्या तालुका कचेरीत ताटकळत बसलं की मनातल्या मनात मीही एक अभ्यासक्रम आखतो. होसूर, म्हणजे तमिळनाडू, इथून जवळच. त्यामुळे रांगेत कन्नड, तेलुगू, तमिळ यांची सरमिसळ. त्यात माझं मराठी वळणाचं कन्नड. बाहेर अर्ज लिहून देणारे एक अण्णा बसतात. परवा एक आजी आल्या. पिशवीतून पहाणीचा कागद काढला (पहाणी म्हणजे आपला सातबारा समजा) आणि थोरल्या दिरापासून सुरुवात केली. दिराचं लग्न, मग विहीर, विहिरीवरून भांडण, त्या साली मेलेला बैल. अण्णा हूं हूं करत राहिले आणि शेवटी दोन ओळी लिहिल्या: वारस म्हणून नाव लावावे, ही विनंती. बैल गळाला.

साहेबांना शिकायचंय ते याच्या उलट. त्या दोन ओळींवरून बैलापर्यंत पोचायचं. या विषयाला ऑक्सफर्डात प्राध्यापक मिळेल असं वाटत नाही. म्हणून माझ्या आराखड्यात पहिला पंधरवडा अण्णांशेजारच्या स्टुलावर. मानधन अण्णांना, चहा साहेबांकडून. परदेशवारी मात्र मी कायम ठेवली आहे. ती खोडली, तर अभ्यासक्रमाला अर्ज कोण करणार?