गुणवंत तळाशी

दहावीचा निकाल लागला की सिन्नरात आडव्या फाट्यापासून पुढे फ्लेक्सचं पीक येतं. वर हात जोडलेले नेते, मध्ये संस्थाचालक आणि अगदी तळाशी पासपोर्टएवढ्या चौकटींत गुणवंत. त्यांचे टक्के वाचायला गाडी थांबवावी लागते. साहेबांच्या मिशा मात्र धावत्या एसटीतूनही मोजता येतात.

बोर्डाने गुणवत्ता यादी केव्हाच गुंडाळली. मग काय, शाळांनी पहिले नंबर घरचेच काढले. केंद्रात पहिली, सेमीत पहिला, संस्कृतात पहिली. २०१९ मध्ये शाळेच्या हातातले तोंडीचे २० गुण गेले, तर राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आपटला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५! (परीक्षा न घेताही जे राहिले, खरा सत्कार त्यांचा व्हायला हवा होता.)

गौरव समारंभ अकराचा, पाहुणे दीडला. तोवर स्वागतगीत तीनदा म्हणून झालेलं. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग त्यांच्यासोबत आलेल्यांचा, मग देणगीदारांचा, मग ऐनवेळी आठवलेल्यांचा. शाली संपतात, नारळ संपतात. शेवटी गुणवंतांची पाळी येते, तेव्हा एकच गुलदस्ता सगळ्यांच्या हातांतून फोटोपुरता फिरतो. केंद्रात पहिली आलेली मुलगी तो धरून उभी राहते, तर फोटोग्राफर खेकसतो, "बेटा, जरा कडेला हो, साहेब झाकले जातायत."