काच खाली घ्यायची नाही

सुरतेची लूट आपल्याला शाळेपासून पाठ असते. १६६४ आणि १६७०, दोनदा. सुरतेने तिची परतफेड कधी केली ते मात्र पाठ्यपुस्तकात नाही. माझ्या हिशेबाने ती २०११ साली झाली. त्या वर्षी सचिन तेंडुलकरची लाल फेरारी सुरतेच्या एका उद्योजकाने विकत घेतली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ साली खुद्द मायकेल शूमाकरने सिल्व्हरस्टोनला सचिनच्या हवाली केलेली, आयात शुल्कावरून देशभर गाजलेली, शेवटी ते शुल्क फियाटने भरून सोडवलेली ती ३६० मोडेना. चारशे अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं इंजिन, तेही पाठीमागे, वर काच लावून दागिन्यासारखं मांडलेलं.

उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आम्ही खानदेशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गाडी आली तेव्हा आमच्यात ‘काल फेरारी पाहिली’ असं सांगणारे इतके निघाले की ती रात्रंदिवस आमच्याच गल्ल्यांतून फिरत असावी. माझ्या साडूला ती दिसली नाही. पण त्याने ती मनावर घेतली.

साडूचं पांडेसऱ्याला एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे कारखाना, आहे. मशिनं चार होती ती वाढत गेली, मुलगी परदेशी गेली, गुडघे दुखायला लागले. म्हणजे स्पोर्ट्‌स कार घ्यायची सगळी लक्षणं जमली. त्याने जुन्या बाजारातून एक घेतली. फेरारी नव्हे. नाव सांगत नाही, कारण बनवणाऱ्याचा काही दोष नाही; त्या बिचाऱ्याने ती थंड हवेच्या देशासाठी बनवली होती. दोन दारं, दोन सीटा, इंजिन पाठीमागे आणि रंग काळा. आतलं चामडंही काळं. पहिल्या फेरीला मला शेजारी बसवून त्याने विचारलं, “कशी शे भाऊ?”

“मस्त शे,” मी म्हणालो, “पण भलती गरम शे.”

“इंजिन गरम व्हई ऱ्हायनं. हुई गार.”

इंजिन गार होण्याची वाट पाहत आम्ही पार्ले पॉइंटपर्यंत आलो. दोघांचेही सदरे पाठीला चिकटले होते. जळगाव-भुसावळचं ऊन मी लहानपणी खाल्लेलं आहे. ते अंगावर येतं, पण कोरडं असतं. घाम आला की उडून जातो आणि जाताना थोडा गारवा देऊन जातो. सुरतेला समुद्र जवळ. इथला घाम कुठेच जात नाही, मुक्कामाला राहतो.

ही गाडी आतून का तापते, याचा पहिला शोध मेहुणीने लावला. गाडीची पुढची काच छपरापासून जवळजवळ बोनेटपर्यंत लोळत आलेली. वारा कापायला ती तशी लागते म्हणे. पण ऊन त्या काचेतून सरळ आत येतं, काळ्या डॅशबोर्डवर पडून उष्णता होतं आणि त्या उष्णतेला काचेतून परत जाता येत नाही. आत हवा तरी किती? दोन माणसं आणि त्यांचे श्वास एवढीच. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे सहज जातो. एप्रिलात मेहुणीने बिबडे केले, गच्चीवर माकडांचा त्रास, तेव्हा तिने एक ताट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाहिलं. दुपारपर्यंत बिबडे खडखडीत. कावळे नाहीत, धूळ नाही, राखण नाही. दुसऱ्या दिवशी कुरडया गेल्या, मग सांडगे. शेजारच्या गुजराती भाभीने खिचिया पापड पाठवून दिले. साडू संध्याकाळी गाडी काढायला गेला तर सीटवर पसरलेल्या पांढऱ्या धोतराच्या पानावर साबुदाण्याच्या चकल्या. “एवढे लाख घातलेत, त्याचा काही उपयोग नको?” असं मेहुणी म्हणाली आणि मला तिचं पटलं. त्या गाडीचा इतका पुरेपूर वापर पुढे कुणीच केला नाही.

पण वाळवणाने प्रश्न सुटेना. गाडी मग मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं: “शेठ, आ दोडाववानी गाडी छे, ऊभी राखवानी नथी.”

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. आपल्या साध्या गाडीत इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्याही पुढे. तापायचं ते दोघं आपसात तापतात. इथे इंजिन पाठीला टेकलेलं आणि रेडिएटर पार पुढे नाकाशी. मधल्या अंतरात नव्वद अंशांचं पाणी नळ्यांतून सीटच्या खालून-बाजूने जात-येत असतं. म्हणजे पाठीमागे भट्टी आणि कुशीला गरम पाण्याची पाइपलाइन. धुराड्याची आग वेगळीच. गाडी शंभरने धावत असली की वारा हे सगळं उडवून नेतो. सिग्नलला उभी राहिली की वारा बंद, इंजिन मंद, त्यामुळे एसीचा कॉम्प्रेसरही मंद. फक्त उष्णता तेवढी जोमात. सुरत पुलांचं शहर म्हणून मिरवतं, पण सध्या मेट्रोच्या खोदकामाने असे काही वळसे पडलेत की एका पुलावरून उतरून दुसऱ्यावर चढेपर्यंत माणूस आत वाफवून निघतो. डिझायनर दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत आपली देशी स्पोर्ट्‌स कार अवंती दाखवली, तिचंही इंजिन सीटच्या मागेच. त्यापेक्षा गोव्याची जुनी सॅन स्टॉर्म बरी, कापडी टप तरी उघडता यायचा. अर्थात मे महिन्यात टप उघडणं म्हणजे काय, हे ज्याने उघडला त्यालाच ठाऊक.

मिस्त्रीला आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मात्र खरोखर महत्त्वाची होती. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि त्याच्या तोंडावर एक झडप. थंडीत ती उघडायची, एरवी बंद. आमच्या गाडीत त्या झडपेच्या कडेचा फोम म्हातारपणाने भुगा होऊन गेला होता. म्हणजे भर मे महिन्यात, एसी पूर्ण लावून, आम्ही मंदसा हीटरही चालवत होतो. जाळीतून काळा चुरा उडून सदऱ्यावर पडायचा, तो रस्त्यावरचा धूर आहे अशी साडूची समजूत होती. झडप बदलायची तर आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मिस्त्रीने हीटरकडे जाणारं पाणीच बंद केलं: दोन रबरी नळ्या कापून एकमेकींना जोडल्या, पट्टे आवळले, हात पुसले. “सुरतमां हीटरनुं शुं काम?” मग गालिचे उचलून खाली चंदेरी फॉइलचा थर दिला आणि केबली जातात तिथली भोकं बुजवली. उरलेली फॉइल साडूने घरी आणली, तेव्हा मेहुणीने “पोळ्या गुंडाळायला का?” एवढंच विचारलं.

फरक पडला. पूर्वी उकडायचं, आता गदगदायला लागलं.

काळी फिल्म लावावी, असं खात्यातल्या पोरांनी सुचवलं. ती वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंद केलेली. पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के उजेड आलाच पाहिजे, तोही काचेच्या जन्मजात गुणाने. वरून काही चिकटवायचं नाही, असा तो निकाल होता. चोर-दरोडेखोरांसाठी केलेल्या नियमाचा फटका माझ्या घामेजल्या साडूला बसला. आणि खरं सांगायचं तर फिल्म असती तर बरंच झालं असतं, उन्हासाठी नव्हे, आमची अवस्था लोकांना दिसली नसती म्हणून.

कारण खरी उष्णता तिथेच होती. काच खाली घेतली असती तर निम्मं उकडणं त्याच क्षणी गेलं असतं. मी सुचवलंही. साडू असा दचकला, जणू मी गाडीतून उतरून धक्का मारायला सांगितलं. “काच खाली घेतली तर लोक म्हणतील एसी बंद आहे.” उधना दरवाजाजवळच्या सिग्नलला आमच्या शेजारी रिक्षा थांबली. तिला दार नाही, काच नाही, इकडचा वारा तिकडे आरपार. रिक्षावाला सदऱ्याची बटणं सोडून निवांत बसला होता. त्याने वाकून आत पाहिलं. एवढ्या खाली पाहायला त्याला वाकावंच लागलं. हाताने विचारलं, एसी जोरात? साडूच्या भुवईवरून एक थेंब नाकावर आला, नाकावरून मिशीत गेला. त्याने हसून अंगठा दाखवला. रिक्षावाल्याच्या डोळ्यांत जे आदराचे भाव उमटले, त्यावर साडूने पुढचे सात-आठ सिग्नल काढले.

रात्री अकरानंतर डुमस रोडला गाडी खरंच गार व्हायची. ऊन नाही, रस्ता मोकळा, वारा नाकातून शिरून सगळ्या नळ्या निववून जातो. पण शनिवार-रविवारी निम्मं सुरत टोमॅटोची भजी खायला तिकडेच निघतं, आणि भज्यांच्या रांगेत फेरारी काय नि टेम्पो काय, वेग एकच. आम्ही थंड कोको घ्यायचो. सुरतेचा कोको इतका दाट की पेला उपडा केला तरी विचार करून पडेल. गाडीत पेला ठेवायला जागा नाही, म्हणून तो मांड्यांत धरायचा. आख्ख्या गाडीत परिणामकारक कूलिंग तेवढंच.

जानेवारीत साडू म्हणाला, आता खरी गंमत. सापुताऱ्याला जाऊ. भल्या पहाटे निघालो. वघई सोडून घाट लागला तसा गारठा वाढला आणि पुढची काच आतून धुरकट झाली. हात फिरवला, पुन्हा धुरकट. काचेवर गरम हवा सोडायला बटण होतं. गरम हवा नव्हती; तिच्या नळ्या मिस्त्रीने मे महिन्यातच एकमेकींना जोडून दिल्या होत्या.

“काच खाली घ्या,” मी म्हणालो.

“मागून जीप ये ऱ्हायनी,” साडू म्हणाला आणि त्याने एसी लावला. काच पुसल्यासारखी स्वच्छ झाली. हीटरची भेसळ गेल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदा कंपनीचा निखळ एसी अंगावर आला. साडूने घाम पुसायचा पंचा कानांवरून घट्ट बांधला. जीपवाला बाजूने पुढे जाताना आत पाहून गेला. दात वाजत असतानाही साडूने हसून त्याला अंगठा दाखवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “देखं का भाऊ? एसी भलता भारी शे.”