रिबिनीची बाजू

पुष्पचक्र सजवणारी माणसं सगळा जीव फुलापानांत ओततात आणि रिबीन अगदी शेवटी, हात धुवायला जाता जाता बांधतात. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे. रिबीन ही पुष्पचक्राची सजावट नाहीच. पुष्पचक्र ही रिबीन टांगायची सोय आहे. हे विधान ऐकून फूलबाजारात माझ्याबद्दल काय बोललं जाईल याची मला कल्पना आहे. पण फुलवाल्यांची नाराजी हा काही पुरावा होत नाही, आणि पुरावा तर बहुतेक सगळा रिबिनीच्या बाजूचा आहे.

आधी साधी भूमिती घेऊ. गोल वस्तूला वर-खाली नसतं. ख्रिसमसला दारावर टांगतात ते सूचिपर्णी फांद्यांचं हिरवं चक्र कसंही फिरवलं तरी तेवढंच बरं दिसतं, आणि नेमकं म्हणूनच टांगणारा ते फिरवत बसतो आणि घरातले बाकीचे लांब उभे राहून ‘अजून थोडं डावीकडे’ म्हणत राहतात. तळाशी लाल रिबिनीची गाठ बसली की वाद मिटतो: हे खाली, ते वर. ही गाठसुद्धा सटरफटर काम नव्हे. तिला काठात बारीक तार घातलेली रिबीन लागते, नाहीतर फुगे दुपारपर्यंत मान टाकतात. आधी दोन्हीकडे सारखे फुगे काढायचे, मधली चुणी बोटांत घट्ट धरून पातळ तारेनं आवळायची, त्याच तारेनं गाठ फांदीला बांधायची आणि तार दिसू नये म्हणून वरून रिबिनीचाच एक तुकडा गुंडाळायचा. मग खाली सोडलेली टोकं उभी दुमडून तिरकी कापायची, म्हणजे ती उलगडल्यावर पापलेटच्या शेपटीसारखी होतात आणि त्यांचे धागेही लवकर सुटत नाहीत. एवढं झाल्यावर येणारा जाणारा म्हणतो, ‘काय सुंदर चक्र आहे!’ श्रेय फांद्यांना जातं.

पण वर-खाली दाखवणं हे रिबिनीचं किरकोळ काम झालं. खरं काम आहे बोलण्याचं. फुलं बोलत नाहीत. बोलतात असं कवी म्हणतात, पण पन्नास पांढऱ्या शेवंतींकडे बघून त्या कुणी पाठवल्या हे एकाही कवीला सांगता येणार नाही. हे व्यवहारी सत्य दक्षिण कोरियाइतकं कुणी ओळखलेलं नाही. तिथं लग्नाला आणि अंत्यविधीला माणसाहून उंच, तीन मजली पुष्पचक्रं पाठवतात. प्रत्येकावर दोन लांब रिबिनी सोडलेल्या असतात: एकीवर प्रसंगाला साजेसे शब्द, दुसरीवर पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संस्था. चक्रं फार झाली आणि दालनात जागा उरली नाही की काय करतात? रिबिनी तेवढ्या काढून भिंतीवर ओळीनं लावतात आणि फुलं परत पाठवतात. माझा मुद्दा इथंच सिद्ध होतो, पण कोरियन माणूस इथं थांबत नाही. काढलेल्या चक्राला नवी रिबीन लावून ते दुसऱ्या कार्याला पाठवण्याचा धंदा तिथं इतका फोफावला, की 2020 पासून अशा वापरलेल्या चक्रावर तसं लिहिणं कायद्यानं बंधनकारक करावं लागलं. म्हणजे फुलं तीच, सांगाडा तोच. रिबीन बदलली की शोक नवा.

त्याच वर्षी सोलमध्ये सरकारशी खटका उडालेल्या देशाच्या मुख्य अभियोक्त्याला पाठिंबा म्हणून लोकांनी त्याच्या कचेरीबाहेर शेकडो पुष्पचक्रं उभी केली. उलट कुणाचा निषेध करायचा तर अंत्यविधीचीच चक्रं रिबिनीवर मजकूर लिहून कचेरीच्या दारात पाठवतात, आणि हयात अधिकाऱ्याला स्वतःच्या श्रद्धांजलीच्या रांगेतून वाट काढत कामावर जावं लागतं. गायकांच्या चाहत्यांनी तर कमाल केली. त्यांनी फुलांचा मान तांदळाच्या पोत्यांना दिला. कार्यक्रम झाला की तांदूळ गरजूंना जातो. फुलं गेली, पण रिबीन आणि तिच्यावरचं नाव जागच्या जागी राहिलं. प्रयोगशाळेत एकेक घटक काढून काय उरतं ते पाहतात, तसा हा प्रयोग एका अख्ख्या देशानं करून ठेवला आहे.

हे अलीकडचं खूळ आहे असं कुणी म्हणेल, म्हणून मागं जाऊ. ऑलिंपियातल्या विजेत्याला रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत विजेत्याच्या डोक्याला, दंडाला, मांडीला बांधलेल्या रिबिनी दिसतात त्यांची आठवण कुणी काढत नाही. रोममध्ये ख्रिस्तपूर्व 9 साली अर्पण झालेल्या ऑगस्टसच्या शांतिवेदीवर आतून दगडी माळा कोरल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत वाऱ्यावर उडणाऱ्या रिबिनीही दगडातच कोरल्या आहेत. संगमरवराला फडफडायला लावण्याचा खटाटोप कुणी क्षुल्लक वस्तूसाठी करत नाही. सोव्हिएत संघाच्या राजचिन्हात गव्हाच्या ओंब्यांचं चक्र होतं आणि त्यावर गुंडाळलेल्या लाल फितींवर कामगारांना एक होण्याची हाक, प्रत्येक प्रजासत्ताकाच्या भाषेत. 1923 साली सहा भाषा होत्या, 1936 साली फिती अकरा झाल्या, 1946 साली सोळा, आणि एका प्रजासत्ताकाचा दर्जा उतरवल्यावर 1956 साली पंधरा. गहू गव्हाच्या जागी होता. सगळं राजकारण फितीत चाललं होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की माणसं चक्रासाठी जीव टाकतात, फितीसाठी नाही. ज्यूलियस सीझरला मिळालेल्या सगळ्या मानांत कायम लॉरेलचा मुकुट घालण्याचा हक्क सर्वांत प्रिय होता, असं त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. पण कारणही तोच सांगतो: सीझरला टक्कल झाकायचं होतं. हे काम रिबिनीच्या आवाक्याबाहेरचं, हे मान्य. याहून वजनदार आक्षेप गवताच्या मुकुटाचा आहे. वेढ्यात अडकलेलं सैन्य वाचवणाऱ्या सेनापतीला त्याच रणभूमीवरच्या गवताचा मुकुट सैनिक स्वतः घालत. रोममध्ये याहून मोठा लष्करी मान नव्हता, आणि तो होता निव्वळ गवताचा. पण तो मिळाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. समोर जीव वाचलेलं अख्खं सैन्य उभं असताना कुणी, कशासाठी, हे लिहून कोण ठेवतो? ज्याचं काम सगळ्यांना ठाऊक, त्याला रिबीन लागत नाही. आपण उरलेल्यांनी ती बांधलेली बरी.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: दुःखाच्या जागी स्वतःचं नाव मिरवावं का? आक्षेप घेणाऱ्यानं कुठल्याही देवळात मान वर करून पंख्याची पाती पाहावीत. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरं वारा घालत गरगर फिरत असतात आणि वाचायची तर भक्ताला आधी पंखा बंद करावा लागतो. नाव टाकल्यानं वारा कमी लागत नाही. शिवाय रिबिनीवरचं नाव घरच्यांच्या उपयोगाचं असतं. आपल्याकडे आहेराची वही ठेवतात ती हौसेखातर नव्हे. कुणी काय केलं याची नोंद नसेल तर उद्या त्यांच्या कार्याला उभं कसं राहायचं? निनावी पुष्पचक्र म्हणजे फेडता न येणारं देणं.

तिसरा आक्षेप पुढाऱ्यांचा दाखला देतो: स्मारकाशी पुष्पचक्र वाहताना महत्त्व त्या कृतीला, फितीला नाही. ती कृती जरा नीट बघा. चक्र उचलून आणतात जवान, ठेवतातही तेच. मग पाहुणा पुढं होतो आणि सरळच असलेली रिबीन सरळ करतो. अनेक देशांच्या शिष्टाचारात त्याच्या वाट्याला एवढंच काम असतं, आणि ते नसतं तर हात कुठं ठेवायचे असा प्रश्न पडला असता. 7 डिसेंबर 1970 रोजी वॉर्सात जर्मन चॅन्सलर विली ब्रांट यांनी ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकासमोर आधी रिबिनी सारख्या केल्या आणि मगच ते गुडघ्यांवर बसले. शब्द न बोलता माफी मागण्यापूर्वी त्यांनी जे शेवटचं शिवलं ती रिबीन होती. फुलांनीच पुढाकार घेतला की काय होतं, तेही पाहायला मिळालेलं आहे. मे 2010 मध्ये कीव्हमध्ये युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच मान झुकवत असताना वाऱ्यानं अख्खं पुष्पचक्र त्यांच्या डोक्यावर येऊन आदळलं.

एक आक्षेप मात्र मी निमूट मान्य करतो. फुलं कुजतात, चकचकीत साटिनची रिबीन कुजत नाही, कारण ती बहुधा पॉलिएस्टरची असते. निर्माल्याचं खत करणाऱ्यांना हारांतल्या जरीच्या फिती हातानं वेचून काढाव्या लागतात, आणि ते रिबिनीचं कौतुक करत असतील असं वाटत नाही. उपाय साधा आहे: सुती फीत वापरावी. गाठ थोडी सैल बसेल, पण अक्षरं तेवढीच वाचता येतील.

एवढं सांगूनही ज्याला फुलंच खरी वाटतात, त्यानं पुढच्या प्रसंगी बाजारातलं सर्वांत महागडं पुष्पचक्र बिनरिबिनीचं पाठवावं आणि आभाराचा फोन येतो का ते बघावं. शेजारच्यानं स्वस्तातल्या चक्राला रिबीन लावली असेल, तर तुमच्या फुलांबद्दलचा फोनही त्यालाच जाण्याची शक्यता आहे.