नारळ कधी, कसा आणि कोणाला द्यावा

श्रीयुत नवमालक यांस,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधला एक संघ आपण विकत घेणार असल्याचं कानावर आलं. अभिनंदन! आजवर आपण हेज फंडात, तेलात किंवा वडिलांच्या पुण्याईवर पैसा कमावला असेल. फुटबॉलमधलं फारसं कळत नसलं तरी बिघडत नाही, तशी अट कुठेच नाही. मालकाला एकच विद्या यावी लागते, ती म्हणजे ऐन मोसमात मुख्य प्रशिक्षकाला नारळ देण्याची. या विषयात आमचा अनुभव शून्य आहे, अभ्यास मात्र दांडगा. या धंद्यात तेवढ्यावर भागतं, हे इंडियानापोलिसच्या उदाहरणावरून पुढे दिसेलच.

आधी आपण नेमकं काय घेताय ते पाहा. मोसम अठरा आठवड्यांचा, प्रत्येकाचे सामने १७, संघ ३२. त्यांतले चौदा प्ले-ऑफमध्ये जातात, उरलेले अठरा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. युरोपातल्या फुटबॉलसारखं खालच्या श्रेणीत घसरण्याचं भय इथे नाही. कितीही हरा, पुढच्या सप्टेंबरात आपली जागा राखीव. ऑगस्टमध्ये तर बत्तीसच्या बत्तीस संघ अजिंक्य असतात. नव्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराचे, फोटो झळकतात, 'यंदा हा संघ सगळ्यांना चकित करणार' असं जाणकार छातीठोक सांगतात, आणि तिकिटं खपतात. ऑक्टोबर उजाडेपर्यंत संघाने खरोखरच सगळ्यांना चकित केलेलं असतं. मग आपलं काम सुरू होतं.

पहिला धडा मुहूर्ताचा. न्यू यॉर्क जेट्सचे मालक वुडी जॉन्सन यांनी २०२४ मध्ये तो ८ ऑक्टोबरलाच काढला. संघ लंडनला जाऊन मिनेसोटाकडून हरून आला होता. पाच सामने झालेले, दोन जिंकलेले, तीन हरलेले. आभाळ कोसळलं होतं असं नाही, पण रॉबर्ट सालेह यांच्या हातावर नारळ पडला. बचावफळीचे प्रशिक्षक जेफ उल्ब्रिक यांनी संघ हाती घेतला आणि उरलेल्या बारा सामन्यांपैकी तीन जिंकून दाखवले. नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर जो डग्लसही गेले. हा संघ २०१० च्या मोसमानंतर एकदाही प्ले-ऑफमध्ये गेलेला नाही. तेव्हापासून प्रशिक्षक बदलले, क्वार्टरबॅक बदलले, जनरल मॅनेजर बदलले. जॉन्सन साहेब २००० सालापासून मालक आहेत. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं लीगमध्ये कुणी मोठ्याने म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही.

जेट्सचं मैदान न्यू जर्सीत आहे आणि त्यावर न्यू यॉर्क जायंट्सचाही तेवढाच हक्क. त्यांनी १० नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रायन डेबोल यांना निरोप दिला. दहा सामन्यांत दोनच विजय मिळाले होते. याच डेबोलना २०२२ मध्ये लीगमधला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं गेलं होतं. न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी मुलांच्या हट्टापायी या दोहोंपैकी एका संघाची जर्सी घेतली, त्यांना आता निष्ठा म्हणजे काय ते संतवाङ्मय न वाचताही कळू लागलं असेल.

दुसरा धडा शिष्टाचाराचा. त्यासाठी शिकागो बेअर्सकडे जावं. १९२० साली स्थापन झालेल्या या संघाने शंभराहून जास्त वर्षांत ऐन मोसमात मुख्य प्रशिक्षक कधीच काढला नव्हता. २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये हे सोवळं मोडलं. तीन गुणांनी मागे, बत्तीस सेकंद उरलेले, चेंडू आपल्याकडे आणि टाइमआउट शिल्लक. प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनी तो घेतला नाही. घड्याळ पळत राहिलं, नवखा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स गोंधळला आणि सामना संपला. टाइमआउट मात्र शाबूत राहिला, त्यामुळे काटकसर केली नाही असा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रिवाजाप्रमाणे पत्रकारांसमोर बसवण्यात आलं. पुढच्या सामन्याची तयारी करणार असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यानंतर काही तासांतच त्यांना काढल्याचं जाहीर झालं. आधी मुलाखत, मग नारळ, हा क्रम लक्षात ठेवा. उलटा केला तर मुलाखतीत माणूस खरं बोलण्याचा धोका असतो.

बळी द्यायचा तर एकदम मोठा देऊ नये, हेही शिकागोकडून शिकावं. मुख्य प्रशिक्षकाच्या आधी १२ नोव्हेंबरला आक्रमणाचे समन्वयक शेन वॉल्ड्रन यांना घालवलं होतं. त्यांची खुर्ची थॉमस ब्राउन यांना मिळाली आणि सतरा दिवसांनी मुख्य प्रशिक्षकाचीही. दोन बढत्या सतरा दिवसांत! मग पाच सामने झाले, त्यांतला एक जिंकला.

त्याच मोसमात न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी डेनिस ॲलन यांना काढलं. हंगामी प्रशिक्षक डॅरेन रिझी यांनी पहिलाच सामना जिंकला आणि गावभर चैतन्य पसरलं. अशी चैतन्याची लाट साधारण एका रविवारपुरती असते. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा ऐन मोसमात प्रशिक्षक बदलणाऱ्या जेट्स, सेंट्स आणि बेअर्स या तिन्ही संघांची नोंद तंतोतंत सारखी निघाली: पाच विजय, बारा पराभव. छप्पर गळतंय म्हणून तिघांनीही खालची बादली बदलली होती.

तिसरा धडा हंगामी माणूस निवडण्याचा. इथे इंडियानापोलिस कोल्ट्सचे तत्कालीन मालक जिम इर्से यांना गुरू मानावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी फ्रँक राइक यांना काढलं आणि जेफ सॅटरडे यांना नेमलं. सॅटरडे त्याच संघाचे एकेकाळचे नामांकित सेंटर, पण त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर बसून इतरांच्या चुका काढण्याच्या नोकरीत होते. प्रशिक्षकपदाचा अनुभव शाळेच्या संघापुरता. पत्रकारांनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा यांना अनुभव नाही हेच बरं, असं मालकांनी ठणकावून सांगितलं. पहिला सामना सॅटरडे यांनी जिंकला, पुढचे सातही हरले. त्यांतला मिनेसोटाविरुद्धचा सामना तर अजरामर झाला. मध्यंतराला कोल्ट्स ३३-० ने पुढे होते आणि अखेर ३९-३६ ने हरले. लीगच्या इतिहासात एवढी मोठी आघाडी दुसऱ्या कुणालाही घालवता आलेली नाही. दूरचित्रवाणीवर बसून 'मी असतो तर' म्हणणाऱ्या तमाम विद्वानांनी या सामन्याची चित्रफीत वर्षातून एकदा तरी पाहावी.

चौथा धडा सगळ्यांत अवघड. हंगामी प्रशिक्षक जिंकू लागला तर? घाबरून जाऊ नका, त्यालाही उपाय आहे. २०२१ मध्ये जुन्या ईमेलच्या प्रकरणात जॉन ग्रुडन यांनी रेडर्सचं प्रशिक्षकपद सोडलं. रिच बिसाचिया यांनी वाऱ्यावरचा संघ सावरला, बारांपैकी सात सामने जिंकले आणि चक्क प्ले-ऑफ गाठली. मोसम संपल्यावर मालकांनी त्यांच्या जागी जॉश मॅकडॅनियल्स यांना आणलं. आणि दुसऱ्याच मोसमाच्या मध्यावर, २०२३ च्या हॅलोवीनच्या रात्री, त्यांनाही काढलं. मग हंगामी आलेले अँटोनियो पियर्स यांनी नऊपैकी पाच सामने जिंकले, त्यांत नाताळच्या दिवशी कॅन्सस सिटीला कॅन्सस सिटीतच हरवलं. या वेळी मागची चूक सुधारून हंगामी माणसालाच कायम केलं. वर्षभरात त्यांनाही काढलं. म्हणजे चांगला हंगामी प्रशिक्षक ठेवावा की ठेवू नये, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच संघाने तपासून पाहिली आणि दोन्ही चुकीची ठरवली.

आता पैशाचं बोलू, कारण आपल्याला रात्री झोप त्यानेच येते. काढलेल्या प्रशिक्षकाचा उरलेल्या करारातला पगार बहुधा द्यावाच लागतो. कॅरोलिना पँथर्सचे मालक डेव्हिड टेपर यांनी मॅट रूल यांच्याशी सात वर्षांचा करार केला आणि तिसऱ्याच मोसमात, २०२२ च्या ऑक्टोबरात, त्यांना काढलं. हंगामी स्टीव्ह विल्क्स यांनी बारांपैकी सहा सामने जिंकून मोडका संघ उभा केला, म्हणून अर्थातच त्यांना ठेवलं नाही. आणलं कुणाला? नुकतेच इंडियानापोलिसने काढलेल्या फ्रँक राइक यांना. त्यांना अकरा सामने दिले आणि तेही नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या संघांकडून ऐन मोसमात नारळ मिळवणारा दुसरा प्रशिक्षक १९७० नंतरच्या लीगमध्ये नाही.

खर्चाने छाती दडपू देऊ नका. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे करार ११ वर्षांचे असून सुमारे ११,००० कोटी डॉलरचे आहेत. तो पैसा बत्तीस संघांत समान वाटला जातो. विजेत्याला जास्त नाही, शेवटच्याला कमी नाही. राष्ट्रीय उत्पन्नातला प्रत्येकाचा वाटा आता वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर गेला आहे. २०२४ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. म्हणजे एकही तिकीट न विकता, एकही सामना न जिंकता खेळाडूंचा पगार निघतो आणि घरी बसलेल्या दोन-तीन माजी प्रशिक्षकांचाही. भांडवलशाहीच्या या माहेरघरात मालकांनी आपल्यापुरता समाजवाद किती निष्ठेने जपला आहे ते पाहून ऊर भरून येतो.

शिवाय हरण्याला बक्षीस आहे. सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिली निवड मिळते. यातही टेपर साहेबांनी विक्रम केला. २०२३ मध्ये पहिली निवड मिळवण्यासाठी त्यांनी शिकागोला आपली पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली आणि क्वार्टरबॅक ब्राइस यंगला घेतलं. मग त्या मोसमात सतरापैकी पंधरा सामने हरून शेवटचा क्रमांक पटकावला. त्याचं बक्षीस, म्हणजे २०२४ ची पहिली निवड, गेलं शिकागोला. केलेब विल्यम्स तिथे पोहोचला तो असा. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं आमच्याकडे म्हणतात. २०२३ च्याच मोसमात जॅक्सनव्हिलमध्ये एका प्रेक्षकाच्या अंगावर पेय फेकल्याबद्दल लीगने टेपर यांना तीन लाख डॉलर दंड केला. पेय फेकलं म्हणून मालकाला ऐन मोसमात काढावं, अशी सूचना कुणाच्याही मनात आली नाही.

काढलेल्या प्रशिक्षकांची कणव येत असेल तर तीही आवरा. टेनेसीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन कॅलहन यांना काढलं आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांच्या जागी जेट्सने काढलेले सालेह आले. माणसं तीच असतात, टोप्या बदलतात.

काही संघांपासून मात्र जपून राहा, त्यांची संगत वाईट. पिट्सबर्ग स्टीलर्सनी १९६९ पासून २०२५ च्या मोसमापर्यंत एकूण तीन मुख्य प्रशिक्षक नेमले आणि त्या काळात सहा वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ग्रीन बे पॅकर्सला तर मालकच नाही, गावातल्या आणि गावाबाहेरच्या भागधारकांचा तो संघ. लीगच्या नियमांनुसार असा दुसरा संघ आता होऊ शकत नाही, आणि ही खबरदारी का घेतली ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणी आकडेवारी काढून दाखवलीच, तर एवढं मान्य करून टाका: ऐन मोसमात मुख्य प्रशिक्षक बदलून सुपर बोल जिंकलेला संघ आजवर एकही नाही. ह्यूस्टन ऑयलर्सने प्रशिक्षक बदलून विजेतेपद मिळवलं होतं, पण ते १९६१ साली, वेगळ्या लीगमध्ये, सुपर बोलचा जन्म होण्याआधी.

तरीही सौदा करावा का? डोळे मिटून करा. डॅनियल स्नायडर यांनी १९९९ मध्ये वॉशिंग्टनचा संघ सुमारे ८० कोटी डॉलरला घेतला. २००० मध्ये त्यांनी प्ले-ऑफच्या शर्यतीत असलेल्या नॉर्व्ह टर्नर यांना डिसेंबरात काढलं, २०१९ मध्ये जे ग्रुडन यांना पाच पराभवांनंतर. चोवीस मोसमांत संघाने प्ले-ऑफमधले फक्त दोन सामने जिंकले. २०२३ मध्ये त्यांनी संघ विकला. लीगने जाताना त्यांना ६ कोटी डॉलर दंड केला. विक्रीची किंमत होती ६०५ कोटी डॉलर.

या लीगमध्ये हरूनही टिकणारी नोकरी एकच आहे आणि नेमकी तीच विकत मिळते. लवकर घ्या.

कळावे, लोभ असावा.