हिम, हूम, आणि मी

अपॉस्ट्रॉफीला आवाज नसतो. शहाण्या माणसाला हे घरबसल्या कळलं असतं. मला ते कळलं दिवा आणि ठाणे यांच्या दरम्यान, एका पायावर उभं राहून, दुसऱ्यांची कोपरं बरगड्यांत झेलत.

कानात एक अमेरिकन बाई कळवळून सांगत होत्या, की 'इट्स' आणि 'इट्स' यांची गल्लत करू नका. एका 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी असतो, दुसऱ्यात नसतो, आणि भलेभले इथे घसरतात. मी जिवाचा कान करून ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दोन्ही 'इट्स'मध्ये मला तसूभर फरक सापडेना. स्वल्पविराम, हायफन, अपॉस्ट्रॉफी या डोळ्यांनी पाहायच्या वस्तू. त्या कानाने शिकायला निघालेला मी काही पहिला नसेन, पण इतक्या निष्ठेने निघालेला बहुधा मीच.

निष्ठेला कारण होतं. फोर्टमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कचेरीत मी वर्षानुवर्षं मेल लिहितो. कंटेनर न्हावा शेवाला अडकला, की पार्टीला कळवायचं. सुटला, की बिल पाठवायचं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, पाचवीपासूनचं, आणि सरांच्या टेबलावरच्या जाडजूड 'रेन अँड मार्टिन'च्या धाकात वाढलेलं. (या जोडीतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांनी फ्रेंच फॉरेन लीजनमधल्या शूर शिपायांवर कादंबऱ्या लिहिल्या. १९२४ची 'बो जेस्ट' तर जगभर गाजली. शाळेत हे कोणी सांगितलं असतं, तर निदान कुतूहलापोटी मी क्रियापदांच्या प्रकरणापलीकडे गेलो असतो.) तर या इंग्रजीच्या जोरावर 'प्लीज डू द नीडफुल' लिहीत माझं उत्तम चाललं होतं. मग कचेरीत एक नवी मुलगी आली. कॉन्व्हेंटची. एकदा माझी मेल वाचून ती अगदी प्रेमाने म्हणाली, "सर, तुमचं इंग्लिश वाचलं की मला माझ्या आजोबांची आठवण येते."

आजोबा हयात आहेत का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

क्लासला जायचं माझं वय राहिलेलं नाही. पुस्तक उघडलं की झोप लागते. राहता राहिला लोकलचा वेळ. मुलाने फोनवर पॉडकास्ट लावून दिले आणि "बाबा, लाऊडस्पीकरवर नका लावू" एवढीच दीक्षा देऊन तो निघून गेला.

सुरुवात केली ती 'ग्रामर गर्ल'पासून. मिन्यॉन फोगार्टी नावाच्या, मूळच्या विज्ञानलेखन आणि संपादन करणाऱ्या बाईंनी हा पॉडकास्ट २००६मध्ये सुरू केला. वर्षभरात त्यांना ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात बोलावणं आलं, यावरून अमेरिकेतही माझ्यासारखे किती असतील याचा अंदाज यावा. बाईंच्या उदाहरणांत राम आणि श्याम नसतात. स्क्विग्ली नावाची गोगलगाय असते आणि तिच्या जोडीला आर्डव्हार्क, म्हणजे आफ्रिकेतला एक लांब नाकाचा, मुंग्या खाणारा प्राणी. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांतला फरक त्या या आर्डव्हार्कच्या मदतीने समजावून देतात. त्यात त्या गरीब जनावराला बाण लागतो. बाण का लागला, कोणी मारला, पुढे ते जगलं का, याच विचारात मी घाटकोपरपर्यंत गेलो. अफेक्ट आणि इफेक्ट यांतला फरक मला अजून येत नाही, पण आर्डव्हार्कबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

'हू' आणि 'हूम'ची युक्ती मात्र डोक्यात पक्की बसली. प्रश्नाचं उत्तर 'ही' येत असेल तर 'हू' वापरायचं, 'हिम' येत असेल तर 'हूम'. दोन्हींच्या शेवटी 'म'. इतकं सोपं! मी लगेच सराव सुरू केला. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, हिम तर हूम, हिम तर हूम. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ रंगात आलेलं होतं, त्या टाळांच्या ठेक्यात माझाही सराव नकळत वर चढला. हिम हूम, हिम हूम. डोळे उघडले तर समोरचे कपाळाला बुक्का लावलेले काका हात जोडून उभे. गर्दीत त्यांनी माझ्यासाठी चक्क चौथी सीट रिकामी करवली होती.

"बीजमंत्र कोणी दिला आपल्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी गडबडून खरं तेच सांगितलं. "एक बाई आहेत. अमेरिकेत असतात."

काकांनी समजूतदारपणे मान हलवली. हल्ली सगळे मोठे गुरू तिकडेच असतात म्हणाले. पुढे कित्येक दिवस ते मला जागा धरून ठेवत. मीही नाही म्हटलं नाही. दादरला उतरताना ते नमस्कार करायचे, तेव्हा आशीर्वाद द्यायचा की नाही एवढाच काय तो पेच पडायचा.

एका गुरूवर भागलं असतं, पण मला हाव सुटली. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' लावला. बीबीसी १९४३पासून जगाला इंग्रजी शिकवते आहे, म्हणजे दुसरं महायुद्ध आटपायच्याही आधीपासून. अशा संस्थेला टाळणं बरं दिसलं नसतं. त्यात दोघं जण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर अगदी शेवटी देतात. सहा मिनिटांत संपणारा कार्यक्रम मला फार सोयीचा वाटला, पण उत्तराच्या वेळी नेमकी गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची आणि रेंज जायची. अशा कित्येक प्रश्नांची उत्तरं त्या डोंगरात राहिली आहेत. शिवाय दोन गुरूंचं आपसांत जमेना. अमेरिकन बाई ज्याला 'पीरियड' म्हणत, त्याला लंडनचे लोक 'फुल स्टॉप' म्हणत. अमेरिकेत तो अवतरणचिन्हाच्या आत जाई, लंडनमध्ये पुष्कळदा बाहेर राही. मी दोन्हीकडे एकेक टिंब देऊन पाहिलं. कॉन्व्हेंटच्या मुलीने नुसतंच माझ्याकडे पाहिलं.

आणि मग मला ऑक्सफर्ड कॉमा भेटला.

यादीत शेवटच्या 'अँड'च्या किंवा 'ऑर'च्या आधी जो स्वल्पविराम देतात, तो. व्याकरणाचे पॉडकास्टवाले त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात, आणि त्यांच्याकडे एक हुकमी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. नाशवंत मालाबाबतची कोणती कामं ओव्हरटाइममधून वगळली आहेत, याची कायद्यात यादी होती. यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' अशा अर्थाचे शब्द होते आणि 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, वगळलं आहे ते पॅकिंग. आम्ही पॅक काही करत नाही, नुसतं पोचवतो. २०१७मध्ये अपिलाच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलर मोजून तडजोड केली. एका न दिलेल्या स्वल्पविरामाचे ५० लाख डॉलर! ती गोष्ट ऐकली त्या दिवशी मी छाती पुढे काढून घरी आलो.

सोसायटीच्या गेटवर गणपतीचा फ्लेक्स लागला होता. आमच्या सोसायटीचे फ्लेक्स इंग्रजीत असतात, कारण कमिटीत सगळे मराठी आहेत. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'वुई थँक अवर स्पॉन्सर्स, द चेअरमन अँड द सेक्रेटरी'. माझे पाय जागीच खिळले. 'चेअरमन'नंतर स्वल्पविराम नाही! म्हणजे याचा अर्थ असाही होतो, की चेअरमन आणि सेक्रेटरी हेच आमचे स्पॉन्सर. खरे स्पॉन्सर नाक्यावरचे टाइल्सवाले होते. नेमके तेही तिथे उभे राहून फ्लेक्सवर आपलं नाव शोधत होते. मी त्यांना ओकहर्स्ट डेअरीपासून सगळं नीट समजावून सांगितलं.

माणूस हुशार निघाला. त्याला माझ्यापेक्षा लवकर समजलं. "असं होय," म्हणाला, "मग पैसे त्या दोघांकडूनच घ्या."

त्या वर्षी आरास साधी झाली. पर्यावरणपूरक, असं कमिटीने जाहीर केलं. सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये भेटले तेव्हा वरच्या मजल्याचा आकडा बघत उभे राहिले. बायको म्हणाली, "पेशव्यांच्या मोडी कागदांत कुठे असतात का रे स्वल्पविराम? मराठे तरी अटकेपर्यंत गेलेच ना?" तिचा इतिहास पक्का आहे. ही चिन्हं मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज गृहस्थाने. त्याआधी आपली वाक्यं कुठेही न थांबता थेट मुक्कामाला जात. मी तिला हे सांगायला तोंड उघडलं, पण तिने हात वर करून पूर्णविराम दिला.

इथे थांबायला हवं होतं. पण पुढचा भाग होता पॅसिव्ह व्हॉइसचा. आपला कर्मणी प्रयोग. चांगलं लिहायचं असेल तर तो टाळा, कर्ता पुढे आणा, कोणी काय केलं ते सरळ सांगा. ऐकताना मला एकेक जुनी मेल आठवू लागली. आमच्या कचेरीत कोणी कधीच काही करत नाही. सगळं आपोआप होतं. माल अडकतो, कागद राहून जातात, विलंब घडतो आणि खेद व्यक्त केला जातो. एवढ्या माणसांच्या कचेरीत एकही कर्ता नाही! तेवढ्यात सीएसएमटी आलं आणि मी इअरफोन काढून उतरलो.

त्याच दिवशी आमच्या माणसाने शिपिंग बिल उशिरा भरल्यामुळे एका मोठ्या पार्टीचा कंटेनर गेटच्या कट-ऑफला मुकला आणि बोट निघून गेली. अशा वेळची मेल ठरलेली असते, 'द शिपमेंट हॅज बीन डिलेड ड्यू टू अनफोरसीन सरकमस्टन्सेस'. मी ती खोडली आणि ताज्या दमाने लिहिलं, 'वुई फाइल्ड द शिपिंग बिल लेट. वुई मिस्ड द कट-ऑफ.' छोटी वाक्यं. ठणठणीत कर्ते. एकही अपॉस्ट्रॉफी लागत नव्हता, त्यामुळे चुकायलाही वाव नव्हता. कॉन्व्हेंटच्या मुलीला दाखवली. ती म्हणाली, "सर, ग्रामर एकदम परफेक्ट आहे." तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला कौतुक वाटलं.

पार्टीचं उत्तर जेवणाच्या सुट्टीआधी आलं. इतक्या स्वच्छ खुलाशाबद्दल त्यांनी आभार मानले होते आणि सोबत नुकसानभरपाईचा क्लेम जोडला होता. पुरावा म्हणून माझीच मेल.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे कोणी सांगितलं होतं लिहायला?"

"साहेब, मी नवीन काहीच लिहिलं नाही. फक्त कर्मणीचं कर्तरी केलं."

साहेब बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या भागाचा उरलेला अर्धा ऐकला. पॅसिव्ह व्हॉइस चुकीचा मुळीच नाही, बाई शांतपणे सांगत होत्या. कोणी केलं ते माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

साहेबांनी आता कामाची वाटणी करून दिली आहे. चूक समोरच्या पार्टीची असेल तर मेल मी लिहायची, कर्ता ठणकावून पुढे आणून. आपली असेल तर ती मुलगी लिहिते. तिचा कर्मणी इतका सफाईदार आहे, की वाचणाऱ्याला शेवटी आपलीच चूक झाली असावी असं वाटू लागतं. आमच्या धंद्यात बहुतेक चुका आमच्याच असतात, त्यामुळे पॉडकास्ट ऐकायला मला हल्ली कचेरीतही भरपूर वेळ मिळतो.