सातवं कलम तेवढं राहिलं

जालना रोडवर, सेव्हन हिल ते सिडको बसस्टँडच्या मधे कुठेतरी, नवं हॉस्पिटल उघडलं की पेपरच्या घडीतून त्याचं माहितीपत्रक घरी येऊन पडतं. कागद इतका चकचकीत की भज्यांची गाडीसुद्धा त्याला नाकारते, तेल शोषत नाही म्हणून. मुखपृष्ठावर एक गोरंपान कुटुंब बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसत असतं. या कुटुंबाला झालंय तरी काय, हे कधीच कळत नाही. आत बीबी का मकबरा (शहराचा अभिमान म्हणून, एरवी हॉस्पिटलच्या पत्रकात थडग्याचं काय काम?), डॉक्टरांच्या नावापुढे दीड ओळ पदव्या आणि शेवटी ‘एकाच छताखाली सर्व सुविधा’.

आता कायदा पाहा. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी जाहिरातबाजी करायची नाही, अवाढव्य बोर्डही लावायचा नाही. वर्तमानपत्रात औपचारिक निवेदन द्यायला मात्र सात प्रसंगी मुभा आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहे, अशा बिनधोक गोष्टी त्यात येतात. आणि सातवी मुभा कशाची? फी जाहीर करण्याची! शासनाने एवढ्या उदार मनाने दिलेली ही सवलत वापरायला आमचे डॉक्टर भलतेच लाजतात. जे छापू नये ते चार रंगांत छापतात आणि जे छापायची मुभा आहे ते रिसेप्शनवर कानात सांगतात.

पेशंटच्या अपेक्षा खरं तर फार नसतात. ‘वेळ : १० ते २’ असं असतं, त्याऐवजी ‘सर साडेअकराला येतात, त्याआधी फक्त नंबर लागतो’ एवढं छापा. ‘सर निघालेत’ हे आम्ही बाकावर बसून ऐकतोच. कुठून निघालेत ते एकदा कळू द्या. कन्नड, सिल्लोड, वैजापूरची माणसं पहाटेच्या एसटीने येतात. कुणी म्हातारी सोयगावहून निघताना घोटभर चहा घेते आणि इथे पोचल्यावर तिला सांगतात, ‘आजी, तपासणी उपाशीपोटी असते, उद्या या.’ ‘येताना काही खाऊ नका, जुने कागद आणा, शेवटची गाडी किती वाजता ते बघून या’, या एका ओळीने तिचं भाडं वाचलं असतं. पण त्या जागी संस्थापकांचं मनोगत असतं.

२०२१ साली राज्याने नर्सिंग होमचे नियम सुधारले. पंधरा सेवांचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावा, असं सांगितलं. लावली की! दर्शनी भागातच लावली, फक्त तिच्यासमोर मनीप्लांटची कुंडी आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत, हेही २००२च्या त्याच आचारसंहितेत लिहिलेलं आहे. औषधं कुठून घ्यायची हे पेशंटने ठरवायचं, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली सनद म्हणते. पत्रकात मात्र याच जागी ‘तळमजल्यावर आमचे स्वतःचे मेडिकल’ असा बाण असतो.

बरं, सगळीकडे दवाखान्याच्याच पैशाचं रडगाणं नको, आरोग्यसल्ल्याचंही पान असतं. ते कुठल्या तरी अमेरिकी वेबसाइटवरून थेट उतरलेलं. मधुमेहींनी ब्रोकोली, ओट्स आणि अ‍ॅव्होकाडो घ्यावा! औरंगपुऱ्याच्या मंडईत मेथी आहे, शेपू आहे, घरी ज्वारीची भाकरी आहे. पण भाकरीचा फोटो चकचकीत कागदावर शोभत नसावा.

खरी बहार मूतखड्याच्या चौकटीत आहे. ‘दिवसातून किमान तीन लिटर पाणी प्या.’ जायकवाडीचं धरण पैठणला, म्हणजे उशाशीच. १६८० कोटींची पाणी योजना फुगून २७४० कोटींची झाली. आणि आमच्या कित्येक वसाहतींत वर्षानुवर्षं नळाला पाणी आठवड्याने आलं. सिडकोतल्या एका काकांनी ती चौकट कापून फ्रिजवर चिकटवली आणि आठवडाभराचा हिशेब केला : एकट्यालाच एकवीस लिटर, त्यात सूनबाईंच्या धुण्याचा वाटा वेगळा. पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ‘साहेब, टँकर मेडिक्लेममध्ये बसेल का?’

डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं आणि लिहून दिलं : ‘पाणी, तीन लिटर, रोज, उपलब्धतेनुसार.’