काकूंच्या माळ्यावरचा क्लब

"रिकामी आहे का वो? उलसा हात लावतं का?"

भिंतीपलीकडून काकूंची हाक आली. गॅस बंद करून गेले, तर अंगणात काथ्याची एक लांबलचक मॅट अर्धी उलगडलेली आणि काकूंच्या डोक्यावर तिचीच धूळ.

"हे काय काढलं?"

"ह्यायचा क्लब," काकू म्हणाल्या. "माळ्यावर पडून होता. पॅड उंदरायनं खाल्ले, हे उरलं."

काका ओट्यावर पेपर वाचत होते. क्लब म्हटल्याबरोबर पेपर खाली आला.

आमच्या वाशीमकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात ती चप्पल पायातून काढून घेते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत बॉल अडकावा. लेदर बॉलनं खेळायचं तर आधी मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मस करा, मग त्यावर मॅट ताणून कडेनं खिळे ठोका. एवढं होईपर्यंत निम्मी टीम दमलेली. बाकीचं मैदान म्हणजे ज्वारी निघालेलं वावर. (तेव्हा सोयाबीन एवढं कुठं होतं!) आणि धुऱ्यापलीकडे तूर उभी.

"तुरीत बॉल गेला का दोन्ही टीमा तुरीत," काका म्हणाले. "बॉल महाग होता ना. वर्गणीचा."

"आन पांढऱ्या पँटी," काकू मॅट झटकत म्हणाल्या. "काळ्या मातीत पांढरी पँट कोनं काढली, ते सांग मले आधी. नीळ घालू घालू माह्ये हात निळे."

खरी मॅच म्हणजे अकोल्याची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच. काकांना हा विषय मिळाला की ते थेट इंग्रजांपर्यंत जातात. वाशीम पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता, 1905 मध्ये तो अकोल्यात घातला, आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वेगळा झाला. म्हणजे काकांचं सगळं क्रिकेट 'जि. अकोला' असतानाचं. मीटर गेजच्या गाडीनं किटबॅग घेऊन जायचं, अकोल्याला हरायचं आणि रात्री उशिरा घरी यायचं.

"हरायचं कायले, एकदा जिंकलो असतो," काका म्हणाले, आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅटीकडे पाहिलं. कारण पुढचं मला ठाऊक होतं. आमच्या घरातही ते सांगतात, फक्त उलटं.

त्या मॅचला काका आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, जोडीनं खेळत होते. थोड्याच धावा हव्या होत्या. मामाजींनी बॉल ढकलला, 'हो' म्हणाले, मग 'थांब' म्हणाले, मग पुन्हा 'हो' म्हणाले. काका तिन्ही वेळा ऐकत राहिले आणि पिचच्या मधोमध सापडले. आमच्याकडची हकीकत अशी, की मामाजी एकदाच 'नको' म्हणाले होते आणि काकांना तेव्हाही कमी ऐकू यायचं. त्यापूर्वी दोन घरांमध्ये काट्याचं कुंपण होतं, फटीतून ताक-भाजी जायची. पुढच्या उन्हाळ्यात विटांची भिंत आली. छातीइतकीच, कारण विटा तेवढ्याच होत्या.

क्लब मोडला तो मात्र त्यामुळे नाही, असं दोघांचंही मत. पोरं टेनिस बॉलकडे गेली. त्याला ना पॅड, ना मॅट; आठ ओव्हर, मंडप, माइकवर कॉमेंट्री, रोख बक्षीस. काका त्याला क्रिकेट मानत नाहीत. मी मानते. माझा मुलगा तेच खेळतो आणि त्याची पँट काळी आहे.

"पन आपला विदर्भ जिंकला ना शेवटी," काका सरसावले. 1957-58 पासून विदर्भ रणजीत. पहिला करंडक 2017-18 च्या मोसमात. इंदूरला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवलं. फैज फजल कप्तान, चंद्रकांत पंडित कोच, आणि रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक.

"तो इंजिनेर आहे म्हने," काकू म्हणाल्या. "आन मले ह्यायनं सांगतलं, आदित्य ठाकरे खेळून राह्यला. म्या म्हटलं, तो मुंबईचा इथी कायले आला?"

तो नव्हे. हा अकोला क्रिकेट क्लबचा, वेगवान गोलंदाज. एकोणिसाव्या वर्षी रणजीचा पहिलाच सामना खेळला तो थेट फायनलचा. काका त्याच्या नावाच्या आधी 'आपला' लावल्याशिवाय बोलत नाहीत. अथर्व तायडेसुद्धा अकोल्याचाच, म्हणजे 'आपला'. जिल्हा वेगळा झाल्याचं काका फक्त कलेक्टर ऑफिसच्या कामापुरतं मानतात.

त्या तायडेवर मात्र त्यांचा राग आहे. 2023 ला आयपीएलमध्ये पंजाबकडून दिल्लीविरुद्ध 55 झाले आणि तो स्वतःहून तंबूत गेला. रिटायर्ड आउट.

"आउट नसून कोनी बाहेर जाते का?" काका म्हणाले. "आमाले तर दुसऱ्यानं काढलं तरी पाय निघे नाही."

भिंतीमागून खोकल्याचा आवाज आला. मामाजी तुळशीला पाणी घालत होते. किती वेळ, कोण जाणे.

"थांब म्हटलं होतं म्या," ते म्हणाले. मग मॅट पाहून काही वेळ काहीच बोलले नाहीत. "हे अजून आहे?"

"धरा तिकून," काका म्हणाले.

मामाजी फाटकातून फिरून आले. तिघांनी मिळून मॅट ताणली, काकूंनी चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. उकडलेली हळद तिच्यावर पसरायला आम्हाला पाऊण तास लागला. पॅडांचं कोणाला काही करायचं असेल तर ते अजून माळ्यावर आहेत, येऊन घेऊन जा.